ऑपरेशन यशस्वी झालं, त्यानंतरचे तीस दिवस

४०,००४ रुग्ण, १४ देश, २८ रुग्णालयं. सगळे पंचेचाळिशी गाठलेले किंवा ओलांडलेले, आणि सगळ्यांचं हृदय सोडून दुसरं कुठलं तरी ऑपरेशन झालेलं. ‘व्हिजन’ नावाच्या या अभ्यासाने प्रत्येकाचा ३० दिवस माग ठेवला. २०१९ साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा हिशेब छापून आला. महिन्याभरात ७१५ जण दगावले होते, म्हणजे १.८ टक्के. यातले टेबलावर गेले ५. थिएटरमधून बाहेर आल्यावर, पण रुग्णालयातच गेले ५००. घरी सोडल्यानंतर गेले २१०.

डॉक्टर थिएटरबाहेर येतात, मास्क खाली ओढतात, “ऑपरेशन यशस्वी झालं” म्हणतात. बाकड्यावर बसलेली मंडळी लगेच फोन काढून गावाकडे कळवतात. डॉक्टरांचं काही चुकलेलं नसतं, ते खरंच सांगत असतात. फक्त ते ज्या टप्प्याबद्दल बोलत असतात, त्या टप्प्याच्या वाट्याला ७१५ पैकी ५ मृत्यू येतात. उरलेल्या ७१० चा काळ तिथून पुढे सुरू होतो, आणि नेमक्या त्याच काळात सगळ्यांचं लक्ष ढिलं पडतं. सर्जन पुढच्या केसला लागलेले असतात आणि नातेवाईक बिलाच्या मागे.

‘व्हिजन’मधल्या जवळपास निम्म्या मृत्यूंमागे तीनच गोष्टी होत्या: मोठा रक्तस्राव, हृदयाच्या स्नायूला झालेली इजा आणि सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराची प्रतिक्रिया बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागणं. तिन्ही गोष्टी तासातासाने वाढत जाणाऱ्या आहेत. लवकर लक्षात आल्या तर तिन्हींवर काही ना काही उपाय आहे.

आता ‘साध्या’ ऑपरेशनाचं पाहू. साधं म्हणजे आधी तारीख ठरवून, डबा-पांघरूण घेऊन जाऊन केलेलं: पित्ताशयाचे खडे, हर्निया, गर्भाशयाची पिशवी, गुडघा. यादीत सीझरही घालायला हरकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के आणि गोव्यातली ३९.५ टक्के बाळंतपणं सीझरने झालेली आढळली. ज्या ऑपरेशनाशिवाय घर सापडत नाही ते साधंच वाटणार. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात २७ देशांतल्या ४७४ रुग्णालयांमधली अशी ठरवून केलेली ऑपरेशनं तपासली, तेव्हा ४४,८१४ रुग्णांपैकी ७,५०८ जणांना मुक्कामात एक तरी गुंतागुंत झाली होती. हे प्रमाण १६.८ टक्के होतं, म्हणजे साधारण सहातला एक. मृत्यू झाले २०७, ०.५ टक्के. गुंतागुंत झालेल्या शंभरांतले सत्त्याण्णव जण वाचले.

सहातला एक हा आकडा ऐकून घाबरायच्या आधी त्यात काय काय मोजलंय ते पाहायला हवं. लघवीचा जंतुसंसर्गही त्यात आहे आणि हृदय बंद पडणंही. ही सरमिसळ टाळण्यासाठी झुरिकच्या सर्जननी २००४ साली एक पाच पायऱ्यांची मोजपट्टी बसवली, ती ‘क्लॅव्हियन-डिंडो’ या नावाने जगभर वापरली जाते. पहिल्या पायरीवर ताप, उलटी, दुखणं यांच्या नेहमीच्या गोळ्यांनी भागतं. दुसरीवर प्रतिजैविकं किंवा रक्त द्यावं लागतं. तिसरीवर पुन्हा सुई, नळी, दुर्बीण किंवा टेबल. चौथी म्हणजे आयसीयू. पाचवी मृत्यू. ही मोजपट्टी मला आवडते, कारण ती ‘काय झालं’ यापेक्षा ‘ते निस्तरायला काय करावं लागलं’ हे विचारते, आणि रुग्णाच्या दृष्टीने तेवढंच खरं असतं. डिस्चार्ज कार्डावर आजाराची लांबलचक नावं असतात. त्याऐवजी ‘पायरी २’ एवढं लिहिलं तरी पुढच्या डॉक्टरला बरंच कळेल.

असाच आणखी एक आकडा वारंवार वाचायला मिळतो: जगात दरवर्षी ४२ लाख माणसं ऑपरेशननंतर ३० दिवसांत मरतात. २०१९ सालच्या ‘लॅन्सेट’मधला हा अंदाज आहे, आणि क्रमवारी लावली तर हृदयविकार व पक्षाघात यांच्या खालोखाल तो तिसरा येतो. आकडा मोठा आहे, पण जपून वापरायला हवा. त्यात अपघातातून आणलेले, आतडं फुटून आलेले, आधीच कॅन्सरने खंगलेले सगळे आहेत. जगभरात वर्षाला सुमारे ३१.३ कोटी ऑपरेशनं होतात. ठरवून केलेल्या पित्ताशयाच्या रुग्णाने ४२ लाखांच्या रांगेत स्वतःला उभं करायचं कारण नाही.

मग गुंतागुंत झालेल्यांपैकी कोण वाचतं आणि कोण नाही? २००९ साली मिशिगन विद्यापीठातल्या घाफेरी, बर्कमायर आणि डिमिक या तिघांनी अमेरिकेतल्या ८४,७३० रुग्णांची माहिती घेऊन रुग्णालयांचे मृत्युदरानुसार पाच गट पाडले. सर्वांत चांगल्या गटात मृत्युदर होता ३.५ टक्के, सर्वांत वाईट गटात ६.९. जवळपास दुप्पट. कोणीही म्हणेल, वाईट गटात सर्जन कच्चे असतील, गुंतागुंती जास्त होत असतील. तसं निघालं नाही. एकूण गुंतागुंतींचं प्रमाण वाईट गटात २४.६ टक्के आणि चांगल्या गटात २६.९, म्हणजे चांगल्या गटात कणभर जास्तच. गंभीर गुंतागुंती अनुक्रमे १८.२ आणि १६.२ टक्के. फरक पडला तो पुढे. गंभीर गुंतागुंत झालेल्या रुग्णांपैकी वाईट गटात २१.४ टक्के दगावले, चांगल्या गटात १२.५.

म्हणजे दोन्हीकडे रक्तस्राव होतो, दोन्हीकडे टाके उसवतात, दोन्हीकडे न्यूमोनिया होतो. एकीकडे ते रात्री दोनला कोणाच्या तरी लक्षात येतं आणि अडीचला कोणीतरी हालचाल करतं. दुसरीकडे सकाळच्या राऊंडपर्यंत वाट पाहिली जाते. ऑपरेशन करण्याच्या कौशल्यावर आपण जेवढी चौकशी करतो (“हात चांगला आहे का हो डॉक्टरांचा?”) त्याच्या निम्मी तरी चौकशी रात्रपाळीची करायला हवी, असं मला हे आकडे पाहून वाटतं.

लक्षात येणं म्हणजे नेमकं काय, हे कागदावर उतरवून पाहू. समजा बासष्ट वर्षांचे एक आबा आहेत. दुर्बिणीतून पित्ताशय काढून तिसरा दिवस. नाडी ११२. ताप १००.८. वरचा रक्तदाब १०८. ऑक्सिजन ९५. श्वास मिनिटाला २२. आबा शुद्धीत आहेत, विचारलं की बोलतात, फक्त “पोट जरा जड वाटतंय” म्हणतात. एकेक आकडा सुटा घेतला तर प्रत्येकाला सबब आहे. नाडी दुखण्यामुळे, ताप अंगातला, रक्तदाब न जेवल्यामुळे, ऑक्सिजन काय ठीकच आहे.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली ‘न्यूज’ नावाची गुणपद्धत हेच आकडे बेरजेत मांडते. नाडी १११ ते १३० मध्ये असेल तर २ गुण. श्वास २१ ते २४ असतील तर २. ताप, रक्तदाब आणि ऑक्सिजन यांचा प्रत्येकी १. आबांची बेरीज झाली ७. सातला किंवा त्यापुढे ही पद्धत तातडीची स्थिती मानते आणि अतिदक्षता विभागातल्या माणसाला बोलवा म्हणते.

आता यातली एकच गोष्ट बदला. श्वास मोजायला घड्याळ धरून छातीकडे पाहत उभं राहावं लागतं. नाडी आणि ऑक्सिजन मशीन दाखवतं, श्वास बहुतेक ठिकाणी माणूसच मोजतो. म्हणून जगभरच्या वॉर्डांत श्वासाच्या रकान्यात न मोजताच १८ किंवा २० लिहायची सवय आहे. त्यावर बरंच लिहूनही झालेलं आहे. आबांच्या चार्टवर २० पडलं की त्या रकान्याचे गुण शून्य आणि बेरीज ५. पाचलाही डॉक्टरने लवकर येऊन बघावं असं ही पद्धत म्हणतेच, पण आयसीयूचा फोन मात्र टळला.

आबांच्या पोटात बहुधा पित्त पाझरत असेल. दुर्बिणीतून पित्ताशय काढणं आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी सुरू केलं, आणि आज ते तालुक्याच्या गावीही होतं. त्यातली सर्वांत धास्तीची गोष्ट म्हणजे मुख्य पित्तनलिकेला इजा. १९९२ ते १९९९ मधल्या अमेरिकेच्या सरकारी विम्याच्या नोंदींत १५ लाख ७० हजारांवर ऑपरेशनांत ती ७,९११ जणांना झाली होती, म्हणजे ०.५ टक्के. अशा रुग्णांचा पुढच्या वर्षांतला मृत्यूचा धोका इतरांच्या २.७९ पट निघाला. मात्र बहुतेक गळती एवढी भयंकर नसते. पित्ताशयाच्या नळीच्या बांधलेल्या तोंडाशी किंवा यकृताच्या खालच्या बारीक नळीतून थोडं पित्त झिरपतं. सोनोग्राफीत पाणी दिसतं, बाहेरून नळी घालून ते काढतात, मग ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनलिकेत प्लास्टिकचा छोटा स्टेंट ठेवतात. आतला दाब कमी झाला की छिद्र आपोआप भरतं. साधारण चार ते सहा आठवड्यांनी स्टेंट काढायचा. तो काढायला यायचं रुग्ण विसरतात आणि मग काही महिन्यांनी थंडी वाजून ताप येतो, कावीळ होते. मूतखड्याच्या ऑपरेशनात मूत्रनलिकेत ठेवलेल्या डीजे स्टेंटचीही हीच कथा. अशा वेळी वैद्यकशास्त्र कुठे कमी पडलेलं नसतं, कॅलेंडर पाहायचं राहून गेलेलं असतं.

वॉर्डात लक्ष कोण ठेवणार, याचाही हिशेब झालेला आहे. नऊ युरोपीय देशांतली ३०० रुग्णालयं आणि ४,२२,७३० शस्त्रक्रिया-रुग्ण घेऊन लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आपल्या सरकारी वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे किती खाटा असतात, ते तिथे एक रात्र काढलेल्याला सांगायला नको.

आपल्याकडे ही उणीव खाटेशेजारी चटई टाकून झोपलेला नातेवाईक भरून काढतो. गंमत म्हणजे आफ्रिकेत एका मोठ्या प्रयोगात हे औपचारिकपणे करून पाहिलं गेलं. तिथल्या २५ देशांच्या आधीच्या पाहणीत रुग्ण तरुण आणि तुलनेने धडधाकट असूनही ऑपरेशननंतरचा मृत्युदर जागतिक सरासरीच्या दुप्पट निघाला होता. मग जोखमीचे रुग्ण ओळखून त्यांना सिस्टरच्या टेबलासमोरची खाट देणं, तपासणी वाढवणं, घरच्या माणसाला सोबत राहू देणं असे उपाय ठरले आणि शेकडो रुग्णालयांत ते वापरून पाहिले. २०२१ साली निकाल आला, तेव्हा मृत्यू आणि गंभीर गुंतागुंती लक्षणीय कमी झालेल्या नव्हत्या. वरच्या सगळ्या मांडणीला छेद देणारा हा निकाल आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. माझ्या मते तो एवढंच सांगतो की नुसतं बघून भागत नाही. “सिस्टर, आबांना धाप लागतेय” असं कोणी म्हटल्यावर पुढे डॉक्टर, रक्तपेढी, सीटी स्कॅन, आयसीयूतली खाट ही साखळी नसेल तर बघणारा फक्त साक्षीदार ठरतो.

घरी गेल्यावर तर साखळीच तुटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका अभ्यासात दिल्लीच्या एम्सचं ट्रॉमा सेंटर, मणिपालचं कस्तुरबा आणि मुंबईचं टाटा मेमोरियल या तीन ठिकाणच्या तीन हजारांहून अधिक रुग्णांचा पाठपुरावा केला. जखमेत जंतुसंसर्ग झाला १६१ जणांना, ५.२ टक्के. त्यातले सुमारे दोन तृतीयांश रुग्ण सुट्टी झाल्यानंतर, मुद्दाम पाठपुरावा केल्यामुळे सापडले. पाठपुरावा केला नसता तर या तीन नामांकित रुग्णालयांच्या दप्तरी संसर्गाचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत दिसलं असतं. म्हणून एखादं रुग्णालय ‘आमच्याकडे इन्फेक्शन एक टक्का’ म्हणतं, तेव्हा ते कोणत्या दिवसापर्यंतचं मोजलंय हे विचारावं. जगभरची रीत अशी की जखम ३० दिवस मोजायची, आणि कृत्रिम सांध्यासारखं आत काही बसवलं असेल तर ९० दिवस.

रक्ताच्या गुठळीला तर याहून उशीर लागतो. ब्रिटनमधल्या साडेनऊ लाख मध्यमवयीन बायकांच्या नोंदींवरून २००९ साली कळलं की रुग्णालयात राहून केलेल्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत पायातल्या किंवा फुप्फुसातल्या गुठळीसाठी भरती व्हायची शक्यता एरवीच्या ७० पट असते, आणि ती कळसाला पोचते तिसऱ्या आठवड्यात. बारा आठवड्यांत गुडघा किंवा खुबा बदललेल्या ४५ जणींत एक, ऑपरेशन न झालेल्या ६,२०० जणींत एक. आपल्याकडे नेमकं तेवढंच प्रमाण असेल असं नाही. पण तिसरा आठवडा म्हणजे टाके निघालेत, पाहुणे येऊन गेलेत, औषधं संपलीत. एका पोटरीला सूज आली तर घरात आयोडेक्स शोधलं जातं. सुजलेली पोटरी रगडायची नसते, त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी करून घ्यायची असते.

हृदयाचं आणखी फसवं. ‘व्हिजन’च्याच पुढच्या टप्प्यात २१,८४२ रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा १७.९ टक्क्यांच्या हृदयाला ऑपरेशननंतर इजा झालेली आढळली. त्यातल्या ९३ टक्के लोकांना छातीत दुखलं वगैरे काही झालंच नव्हतं. भुलीची आणि वेदनाशामकांची गुंगी ते झाकते.

पैशाचं कॅलेंडर याहून आखूड आहे. आयुष्मान भारत योजनेत सुट्टीनंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. ‘आरोग्य संजीवनी’ या विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत ६० दिवस. गुठळीचा कळसाचा आठवडा त्या पंधरा दिवसांत पुरता मावेलच असं नाही. पुन्हा भरती झाल्यास योजना पुन्हा लागू होते, पण भरती न होता करायची तपासणी, डॉपलर, गाडीभाडं हे खिशातून, आणि नेमकं तेच टाळलं जातं.

आता बरं होण्याकडे. गुंतागुंत निस्तरली, आयसीयूतून माणूस बाहेर आला, तरी शरीराने मोठी किंमत मोजलेली असते. अमेरिकेत सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट १२ जणांना प्रयोगासाठी दहा दिवस फक्त बिछान्यात ठेवलं. ना ऑपरेशन, ना ताप, जेवण वेळेवर. तरी पायांचे जवळपास एक किलो स्नायू झडले. यात जंतुसंसर्ग आणि उपास घाला, म्हणजे चौदा दिवस पडून राहिलेल्या आबांना संडासच्या भांड्यावरून उठता का येत नाही ते कळेल. त्याला ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे फार हौस आहे. सलाईनच्या बाटलीत पाणी, मीठ, फार तर साखर. स्नायू त्यातून येत नाहीत.

स्नायू येतात प्रथिनांतून आणि चालण्यातून. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ऑपरेशननंतर वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला ९० ग्रॅम. आपला आजारपणाचा आहार मात्र पेज, मऊ भात, साबुदाण्याची लापशी. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. वाटीभर वरणात जेमतेम सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा. त्यात ‘दही नको, टाके पिकतील’, ‘डाळ नको, वायू धरेल’ म्हणत उरलेली प्रथिनंही काढून टाकतात. टाके दह्याने पिकत नाहीत. मूत्रपिंड किंवा यकृत अधू असेल तर डॉक्टर वेगळं प्रमाण सांगतील, बाकीच्यांनी पनीर, अंडी, मासे, उसळी पचतील तशा वाढवाव्यात.

डोक्याचाही वाटा असतो. १९९८ सालच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात साठी गाठलेल्या १,२१८ जणांपैकी २५.८ टक्के लोकांची स्मरणशक्ती-एकाग्रता मोठ्या ऑपरेशननंतर आठवड्याने घसरलेली होती. तीन महिन्यांनी तशी माणसं ९.९ टक्के उरली. “आईला भूल बाधली” असं घरात म्हणतात, आणि तिला कायमचं काही झालं असं समजून बँकेचे व्यवहार काढून घेतात. आकडे सांगतात की बहुतेकांचं तीन महिन्यांत बरंच सावरतं.

पण सगळं पूर्ववत होतंच असंही नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधल्या १,०५,९५१ ऑपरेशनांचा वर्षानुवर्षं माग ठेवून शुक्री खुरी यांनी २००५ साली दाखवलं की पहिल्या ३० दिवसांतली एक गुंतागुंत पुढचं मध्यम आयुर्मान ६९ टक्क्यांनी घटवते, आधीची जोखीम वजा करूनही. मोठ्या ऑपरेशनांचा तो अभ्यास होता. हर्नियाच्या टाक्यातून पाणी आलेल्याने आयुष्याचं गणित मांडायला नको. पण फुप्फुसाचा किंवा रक्ताचा संसर्ग होऊन गेलेल्याने पुढची एक-दोन वर्षं रक्तदाब, साखर, वजन यांवर नजर ठेवण्यात शहाणपण आहे.

स्वस्तातला सर्वांत मोठा फायदा मात्र ऑपरेशनच्या आधीच मिळतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाचं ऑपरेशन व्हायच्या ४४१ जणांपैकी निम्म्यांना आधी फिजिओथेरपिस्टने फक्त अर्धा तास दिला: शुद्धीवर येताच दर तासाला सावकाश खोल श्वास कसे घ्यायचे, पोटाला आधार देऊन कसं खोकायचं. २०१८ मध्ये छापलेल्या निकालात फुप्फुसाच्या गुंतागुंती २७ टक्क्यांवरून १२ वर आल्या. आपल्याकडे तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं खेळणं ऑपरेशननंतर हातात दिलं जातं, आणि दुखत असताना ते कोणी फुंकत बसतं. खरं तर ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं.

रुग्णालयनिहाय गुंतागुंतींचे आणि त्यातून वाचलेल्यांचे आकडे आपल्याकडे लोकांपुढे ठेवले जात नाहीत. तोवर ऑपरेशनची तारीख घेतानाच विचारावं. रात्री वॉर्डात डॉक्टर असतात की फोनवर? आयसीयू याच इमारतीत आहे का? पोट पुन्हा उघडायची वेळ आली, ईआरसीपी लागली, तर ती इथे होते की पुण्याला न्यावं लागतं, आणि अॅम्ब्युलन्स कोणाची? आत ठेवलेली नळी किंवा स्टेंट कोणत्या तारखेला काढायचा, हे कार्डावर लिहून द्याल का? कार्डावर छापलेला फोन ओपीडीचा असतो, तो सकाळी दहाला सुरू होतो. रात्री उचलला जाणारा नंबर वेगळा मागून घ्यावा लागतो.